केरळ ब्लास्टर्स : विरळ होत गेलेली पिवळी गर्दी

कोचीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, केरळ ब्लास्टर्सचा सामना पाहण्यासाठी ६० हजारांपर्यंत प्रेक्षक जमत. सचिन तेंडुलकर त्या वेळी क्लबचे सहमालक होते. २०१८ मध्ये त्यांनी आपला हिस्सा विकला. करंडकाने मात्र सतत हुलकावणी दिली. नवी मुंबई (२०१४), कोची (२०१६) आणि मडगाव (२०२२) येथील तिन्ही अंतिम सामने संघाने गमावले, त्यांपैकी शेवटचे दोन पेनल्टी शूटआउटमध्ये.

तरीही गर्दी टिकून होती. चाहत्यांचा रोष पराभवापेक्षा व्यवस्थापनाच्या धोरणावर अधिक आहे. सहल अब्दुल समद २०२३ मध्ये मोहन बागानकडे, तर गोल्डन बूट विजेता दिमित्रिओस दियामंताकोस पुढच्या वर्षी ईस्ट बंगालकडे गेला. त्यांच्या तोडीचे खेळाडू आणले गेले नाहीत, असा त्यांचा आक्षेप आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘मंजप्पडा’ (पिवळी सेना) या चाहता संघटनेने उर्वरित हंगामात क्लबकडून तिकिटे न घेण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात प्रशिक्षक मिकाएल स्टारे यांना हटवण्यात आले. पूर्वेकडील गॅलरीत घोषणांची जागा निषेधफलकांनी घेतली, इतरत्र आसने रिकामी राहू लागली. संघाने हंगाम आठव्या स्थानी संपवला.