जागा संपल्याची वर्दी

अंबरनाथ पूर्वेची आनंदनगर औद्योगिक वसाहत सरकारी दप्तरात ‘अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र’ म्हणून नोंदलेली आहे, आणि तेथील ज्या कारखान्याच्या कार्यालयात हिशेब, हजेरी किंवा ई-मेल सांभाळणारा सर्व्हर लिनक्सवर चालतो, तेथे आज ना उद्या ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ उमटतेच. लिनक्स ही युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली असल्यामुळे ही ओळही त्याच घराण्याच्या वारशातून आली आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिच्या शब्दांत फारसा फरक पडलेला नाही. बदलत गेले ते एवढेच, की ही वर्दी कोणाच्या कानावर घालायची आणि तिची नोंद कोठे ठेवायची.

युनिक्सचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत डिस्कवरील मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ आणि फायलींनी किती जागा अडवली आहे ते मोजणारी ‘डीयू’ अशा दोन्ही आज्ञा आढळतात, म्हणजे जागेची विवंचना या प्रणालीला आरंभापासूनच होती. इशारा नेमका कसा निघे, हे १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या मूळ आज्ञावलीत वाचता येते. तेव्हा डिस्क ५१२ बाइटच्या ब्लॉकांत, म्हणजे सारख्या आकाराच्या कप्प्यांत, विभागलेली असे. मोकळ्या ब्लॉकांचे क्रमांक ‘सुपरब्लॉक’ या मुख्य नोंदीत एका वेळी जास्तीत जास्त १०० एवढे ठेवलेले असत, आणि त्यांतला शेवटचा क्रमांक ज्या ब्लॉकाचा असे, त्याच ब्लॉकात पुढची यादी सापडे. ही साखळी उलगडता उलगडता क्रमांकाच्या जागी शून्य हाती आले, की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दोन कामे करी: लिहू पाहणाऱ्या प्रोग्रामला २८ क्रमांकाची चूक कळवी, आणि कन्सोलवर ‘नो स्पेस ऑन डेव्ह’ असे छापून त्यापुढे दोन आकडे देई, पहिला उपकरणाच्या प्रकाराचा आणि दुसरा त्या प्रकारातील विशिष्ट नगाचा.

कन्सोल म्हणजे यंत्राशेजारी ठेवलेले, त्या काळी बहुधा कागदावर छापणारे टर्मिनल. ही छपाई चालू असताना बाकीची सारी यंत्रणा जवळजवळ खोळंबून राही, म्हणून तिचा वापर फुकाच्या गप्पांसाठी करू नये, अशी ताकीदच त्या आज्ञावलीच्या माथ्यावरील टिपणात लिहून ठेवलेली होती. ज्यासाठी सगळे यंत्र क्षणभर थोपवावे अशा मोजक्या बातम्यांत जागा संपण्याची गणना होत असे, हे या ताकिदीवरून लक्षात येते. योजना सरळ आणि प्रामाणिक होती. परंतु कन्सोलपाशी माणूस नसेल तर वर्दी कागदावर तशीच पडून राही, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने २८ क्रमांकाची चूक तपासलीच नसेल तर फाइल अर्धवट राहूनही काम पुरे झाल्याचा समज होई. हा दुसरा दोष आजही पुरता गेलेला नाही.

पहिल्या दोषावरचा उपाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत रुजला. तेथील युनिक्समध्ये कर्नलचे संदेश स्मृतीतील एका फिरत्या साठ्यातही जमत. नवी ओळ आली की सर्वांत जुनी पुसली जात असल्यामुळे हा साठा कधी भरून बंद पडत नसे, आणि ठरावीक वेळाने ‘डीमेसेज’ ही आज्ञा त्यातला नवा मजकूर डिस्कवरील नोंदवहीत उतरवून घेई. १९८० च्या दशकाच्या आरंभी एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रामसाठी ‘सिसलॉग’ रचले, आणि प्रत्येक प्रोग्रामने आपापली वही ठेवण्याऐवजी सर्वांचे संदेश एका ठिकाणी, उगम आणि गांभीर्य यांच्या खुणेसह, नोंदले जाऊ लागले. वर्दी आता माणसाच्या हजेरीवर अवलंबून राहिली नाही, ही मोठीच सोय होती.

मात्र याच सोयीने एक नवे संकट आणले, आणि या कुळकथेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग तो हाच. आनंदनगरला पाणी पुरवणारे बदलापूरजवळचे बारवी धरण भरत आले की इशारा नदीकाठच्या गावांना दिला जातो. सिसलॉगची वर्दी मात्र जी डिस्क भरली तिच्यातच लिहिली जाण्याचा संभव निर्माण झाला, आणि तेथे जागा नसल्यामुळे संदेश नेमका हवा तेव्हाच हरवू लागला. शिवाय एखादा बिघडलेला प्रोग्राम सेकंदाला शेकडो ओळी नोंदवू लागला, तर इशाऱ्याची वहीच डिस्क भरण्याचे कारण ठरू लागली.

या संकटावरचा एक उतारा नकळतच मिळाला. ऑगस्ट १९८३ मधील बर्कलीच्या ४.२ आवृत्तीत मार्शल कर्क मॅक्युसिक आणि सहकाऱ्यांनी नवी फाइल-रचना आणली आणि तिच्यात दहा टक्के जागा राखीव ठेवली. मूळ हेतू वेगाचा होता, कारण डिस्क ठासून भरली की फाइलचे ब्लॉक जवळजवळ सापडत नाहीत. पण ही राखीव जागा ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याला वापरता येत असल्यामुळे, सामान्य वापरकर्त्यांसाठी डिस्क भरल्यानंतरही प्रणालीला आपली नोंद करण्यास आणि प्रशासकाला साफसफाई करण्यास अवकाश मिळाला. आडफायद्याने मुख्य हेतूइतकेच मोल मिळवल्याचे असे उदाहरण क्वचित सापडते. लिनक्सच्या ‘एक्स्ट’ रचनांनी हीच प्रथा पाच टक्क्यांवर आणली. याच बर्कली परंपरेत ज्याचे लेखन फसले त्याच्या टर्मिनलवरही संदेश जाऊ लागला, आणि त्यात कोरड्या आकड्यांऐवजी भरलेल्या फाइल-रचनेचे नाव येऊ लागले.

महाराष्ट्रात ही वर्दी ओळखीची होण्यामागे बँकांचा मोठा हात आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा यांत्रिकीकरणावरील अहवाल १९८४ साली आला. त्यानंतर शाखांत जे संगणक बसले, त्यांतील पुष्कळ युनिक्सवर चालत, आणि खातेवहीची नोंद डिस्कवर होऊ लागल्यामुळे जागा संपणे म्हणजे व्यवहार अडणे, हे कर्मचाऱ्यांना कळून चुकले.

इशारा आल्यावर काय करावे, याचीही एक परंपरा घडत गेली. ‘डीएफ’ डिस्क भरली म्हणते, पण ‘डीयू’ची बेरीज तेवढी भरत नाही, हा प्रसंग नेहमीचा आहे. युनिक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे केवळ तिचे नाव काढणे होय. एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडून धरली असेल, तर ब्लॉक मोकळे होत नाहीत, म्हणून जाणकार प्रशासक फुगलेली लॉग फाइल, म्हणजे संदेशांची नोंदवही, पुसत नाही, जागच्या जागी रिकामी करतो किंवा तो प्रोग्राम पुन्हा सुरू करतो. जागा असूनही वर्दी आली, तर ‘इनोड’ संपले आहेत का ते पाहावे लागते. इनोड म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी नोंद, आणि बारीकसारीक लाखो फायली झाल्या की त्या नोंदीच आधी संपतात. रोजची तजवीज म्हणून ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्राम जुनी लॉग फाइल बाजूला सारून दाबून ठेवतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसतो.

ही मुदत ठरवण्याचे स्वातंत्र्य आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या संगणक-यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात, आणि आनंदनगरात ज्यांची मोठी वस्ती आहे त्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंतची सवलत मिळाली होती. त्यामुळे घाईत लॉग रिकामा करण्याचा जुना उपाय धोक्याचा ठरला असून, लॉगसाठी वेगळा विभाग राखणे, संदेश जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवणे आणि डिस्क ८० टक्के भरताच प्रशासकाच्या फोनवर वर्दी जाईल अशी देखरेख बसवणे, हे तिन्ही उपाय लहान कारखान्यालाही करून घ्यावे लागतात.