साष्टींतील घर आणि त्याचा कागद

‘घर पाहावें बांधून’ असें आपली म्हण सांगते. ‘घर पाहावें विकत घेऊन’ असें ती सांगत नाहीं. ज्या काळांत ती रूढ झाली त्या काळीं राहतें घर हा सहसा बाजारांतला जिन्नस नव्हता. तें बापाकडून मुलाकडे जाई. आणि विकण्याची पाळी आलीच, तर घराणें कर्जांत बुडालें किंवा वंश खुंटला, असें गांव समजे. मुंबई शहराच्या उत्तरेस साष्टी बेट आहे. वांद्रें, पार्लें, मालाड, कुर्लें, मुलुंड हीं आजचीं उपनगरें म्हणजे या बेटांतलीं मूळचीं खेडीं. तेथें घर ही खरेदीविक्रीची वस्तु कशी झाली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या इतिहासांत एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढें येतो. विकणारा जें विकतो आहे तें खरोखर त्याचें आहे काय, आणि याची हमी कोणी द्यावयाची?

खेड्यांत या प्रश्नाचें उत्तर शेजारी देत. गांवठाणांतील घराची चतुःसीमा सांगतांना पूर्वेस अमक्याचें अंगण आणि पश्चिमेस तमक्याची विहीर असें सांगितलें, कीं तें पुरे होई. कारण ऐकणाऱ्यास तें अंगण आणि ती विहीर, दोन्ही ठाऊक असत. गांवठाणाबाहेरच्या जमिनीची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती. कंपनी सरकारच्या अमलांत साष्टींतील अनेक गांवें मुंबईच्या धनिकांकडे गेलीं होतीं. पवई फ्रामजी कावसजी यांच्याकडे होती. मालाड, दहिसर इत्यादि गांवें बैरामजी जिजीभाई यांच्याकडे आलीं. त्यामुळें एकाच भातशेताविषयीं सरकार, इनामदार आणि प्रत्यक्ष नांगर धरणारें कूळ अशा तिघांचा तीन प्रकारचा संबंध असे. जोंपर्यंत त्या शेतांत भातच पिकत होतें, तोंपर्यंत हा गुंता बाहेरच्या माणसास जाणवत नव्हता.

तो जाणवूं लागला तो दळणवळण वाढल्यावर. माहीम आणि वांद्रें यांच्यामधील खाडी पूर्वी होडींतून ओलांडावी लागे. लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून १८४५ सालीं तेथें रस्ता झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, आणि १८६७ सालीं पश्चिमेकडच्या लोहमार्गावर विरारपर्यंत स्थानिक गाडी सुरू झाली. आरंभीं या बाजूस हवा खाण्यासाठीं बंगले बांधणारे धनिकच येत. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेगाची सांथ आली, आणि दाटीच्या चाळींतून मोकळ्या हवेंत राहावयास जाणें ही चैन न राहतां जिवाची निकड झाली. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, तेव्हां कचेरींत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय माणसालाहि पार्ल्यास किंवा मालाडास राहून रोज शहरांत जाणें सुलभ झालें. दरम्यान १९२० सालीं साष्टीचा मोठा भाग ठाणें जिल्ह्यांतून काढून त्याचा मुंबई उपनगर जिल्हा करण्यांत आला होता.

म्हणजे आतां घेणारा परका होता. त्याला ना तें अंगण ठाऊक, ना ती विहीर. शेजाऱ्याच्या साक्षीची जागा कागदानें घेतली. मालमत्ता हस्तांतराचा कायदा १८८२ सालचा. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदविलेल्या खरेदीखतावांचून होत नाहीं, हा नियम त्यांतलाच. नुसत्या साठेखतानें मालकी येत नाहीं, हेंहि त्याच कायद्यानें स्पष्ट केलें. जमिनीवरच्या हक्कांची गांवोगांव नोंद ठेवण्याचा कायदा १९०३ सालीं झाला. आज ज्याला आपण सातबारा म्हणतों, तो या नोंदींतून वाढला आहे. गांवनमुना सात म्हणजे हक्कांची नोंद, बारा म्हणजे पिकांची, आणि हक्कांत जो बदल होईल तो लिहावयाचा फेरफाराच्या वहींत, म्हणजे नमुना सहांत.

परंतु हे दोन्ही कागद काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, हें बारकाईनें पाहिलें पाहिजे. दस्तऐवज नोंदणारा निबंधक अमुक माणसानें अमुक दस्त करून दिला एवढें नोंदतो. त्या माणसास तो करून देण्याचा अधिकार होता, अशी हमी तो देत नाहीं. हक्कनोंदीचें बळहि एवढेंच, कीं उलट पुरावा येईपर्यंत ती खरी धरावयाची. म्हणून नोंदविलेलें खरेदीखत हातीं असूनहि एखादें कुटुंब वर्षानुवर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहूं शकतें. जन्माची पुंजी एका कागदावर लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट व्यवहार पुरा झाल्यावर कळते, हेंच दुःखाचें आहे.

विकणाऱ्याची बाजूहि तितकीच विचारांत घेण्यासारखी आहे. शेत दरवर्षीं थोडें देतें, पण देत राहतें. विक्रीची रक्कम एकदांच येते. सातबाऱ्यावर नांव थोरल्या भावाचें असे, हिस्सा मात्र चौघांचा. त्यांत एखादा अज्ञान, एखादा परगांवीं. अशा वेळीं घाईनें झालेल्या सौद्यांत घेणारा आणि देणारा दोघेहि फसत, आणि त्यांत कोणाचा हेतु वाईट असेलच असें नाहीं. शिवाय शेत घेतलें म्हणजे घर बांधावयास मोकळीक मिळाली असें होत नव्हतें. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणें शेतजमीन दुसऱ्या कामीं लावण्यास कलेक्टरची परवानगी लागे. बिनशेती हा शब्द सामान्य गृहस्थाच्या तोंडीं आला तो या मार्गानें.

या अडचणींवर मुंबईच्या सुशिक्षितांनीं जो तोड काढला तो सहकाराचा. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता; १९१२ च्या कायद्यानें इतर कार्यांसाठींहि संस्था काढतां येऊं लागल्या. रावबहादुर तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ती शहरांतली. तोच मार्ग साष्टींत १९१८ सालीं साष्टी कॅथलिक गृहनिर्माण संस्थेनें वांद्र्यास चोखाळला. अशा संस्थेचा लाभ केवळ स्वस्ताईचा नव्हता. एकट्या कारकुनाला जो वकील परवडत नाहीं तो शंभर सभासदांना परवडतो. जमिनीची पूर्वपीठिका एकदांच पण कसून तपासली जाते. आणि पुढें दावा उद्भवलाच तर संस्था उभी राहते, एकटें कुटुंब नव्हे. खेड्यांतील शेजाऱ्यांच्या साक्षीचें हें एक नवें रूप होतें. त्याला एक मर्यादाहि होती. यांतील कित्येक संस्था एकेका ज्ञातीच्या किंवा धर्माच्या होत्या, आणि कुंपणाबाहेरच्या माणसाला त्या विश्वासांत वांटा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घराचेंच रूप बदललें. १९४७ च्या भाडेनियंत्रणामुळें भाड्यासाठीं घरें बांधण्यांतला लाभ आटला; त्या आणि इतर कारणांनीं मालकीच्या सदनिकेची चाल पडली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांनीं मुलुंड-दहिसरपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईंत आला. आतां घेणारा जमीन घेत नव्हता. तो इमारतींतील एक मजला, त्याचाहि एक तुकडा घेत होता. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें बांधणाऱ्यावर बंधनें घातलीं: किमतीच्या पंचमांशाहून अधिक रक्कम घेण्यापूर्वीं करार लिहून नोंदविला पाहिजे, आणि पुढें इमारत व जमीन संस्थेच्या नांवें करून दिली पाहिजे. त्यांतलें दुसरें बंधन इतक्या ठिकाणीं पाळलें गेलें नाहीं, कीं २००८ सालीं त्या कायद्यांत मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें पंचमांशाचा दशांश केला आणि प्रकल्पाची माहिती सर्वांस पाहतां येईल अशी व्यवस्था केली.

साष्टींतील भातशेतें आतां बहुतेक संपलीं. पण जी अवस्था पार्ल्याची शंभर वर्षांपूर्वीं होती, ती आज बदलापूर, कर्जत, पनवेल यांच्या आसपासच्या गांवांची आहे. तेथें घर किंवा जमीन पाहावयास जाणाऱ्यानें कांहीं गोष्टी इसार देण्यापूर्वींच विचाराव्या. सातबाऱ्यावर नांवें कोणाकोणाचीं आहेत, आणि फेरफारांच्या जुन्या नोंदी काय सांगतात? प्रत्यक्ष वहिवाट कोणाची आहे? जमीन बिनशेती झाली आहे काय? कारण १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीवांचून घेतां येत नाहीं. हिंदु एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर मुलींच्या सह्या आहेत काय? २००५ च्या दुरुस्तीनें त्यांचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे. आणि या सर्वांनंतर, जुन्या पद्धतीप्रमाणें, गांवांत एक फेरी मारून शेजारच्या घरीं चौकशी करावी. कागदांत जें उतरलेलें नसतें तें पुष्कळदां शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतें.