हातपाय गार पडणे (परभणी जिल्हा)

अंग उबदार असताना तळहात, बोटे व पावले थंडगार लागणे. परभणी म्हटले की मे महिन्यातले 44 अंशांचे ऊन आठवते. पण हिवाळ्यात मराठवाड्यातला नीचांकी पाराही बऱ्याचदा इथेच नोंदला जातो. 1972 साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर 2018 च्या अखेरीस तो 4 अंशांखाली उतरला होता. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ मोकळे. दिवसा तापलेली जमीन रात्रीतून झपाट्याने निवते.

थंडीत शरीर आधी हृदय, मेंदू व पोटातले अवयव सांभाळते. त्यासाठी कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सर्वात आधी बोटांचा रक्तपुरवठा घटतो. बोटांत स्नायू जवळजवळ नसल्याने तिथे स्वतःची ऊबही फारशी तयार होत नाही.

जिल्ह्यातला हा त्रास समजून घ्यायचा तर रात्रीच्या ओलिताकडे पाहावे लागते. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. रात्रपाळी आली की गहू, हरभरा, ऊस भिजवायला माणूस बॅटरी घेऊन चिखलात उभा राहतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. फावड्याच्या दांड्यावरची बोटे वळत नाहीत, पायात काटा मोडला तरी कळत नाही. पारा शून्याखाली न जाताही तासन्‌तास ओल्या थंडीत राहिलेल्या पावलांच्या नसांना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांत राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय असेच निकामी झाले. गमबूट, बदलायला कोरडे मोजे आणि अधूनमधून पाण्याबाहेर येणे एवढे तरी हवेच. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. आरोग्याच्या दृष्टीनेही ती तितकीच मोलाची आहे.

बधिर पाय थेट शेकोटीवर धरू नयेत, कातडी भाजते आणि समजतही नाही. कोमट पाणी चांगले. ते कोपराने तपासून घ्यावे. पोट-छाती व डोके झाकले की हातापायांनाही ऊब पोहोचते. तेल चोळल्याने भेगा कमी होतात, मूळ कारण जात नाही.

उन्हाळ्यातही हातपाय गार राहत असतील तर कारण आत शोधावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. त्यामुळे बाईची ही तक्रार ‘अंगातच थंडी आहे’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. हिमोग्लोबिन तपासावे, थायरॉइडही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही बोटे गार पडतात, मात्र त्या स्वतःहून बंद करू नयेत. बोटे आधी पांढरी, मग निळी व शेवटी लाल होत असतील तर तो रेनॉचा विकार. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये त्याचे वर्णन केले.

बिडी-तंबाखूचे व्यसन असलेल्या तरुण पुरुषांत बर्गरचा आजार होतो. रक्तवाहिन्या बुजत जातात, चालताना पोटरी किंवा पाऊल दुखते, बोटे काळी पडतात. तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय यावर औषध लागू पडत नाही. मधुमेहात पाय गार वाटतो, पण हात लावला तर उबदारही असू शकतो. बिघाड नसांचा असतो. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये.

एकच हात किंवा पाय अचानक गार, फिका व असह्य दुखरा झाला तर रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. अशा वेळी चोळत न बसता काही तासांच्या आत मोठे रुग्णालय गाठावे.