बहिर्जींचे बदलते चेहरे

पुण्याजवळच्या दिघीकरांना हेरगिरी फक्त पडद्यावर बघावी लागते असं नाही. आळंदी रस्त्याला लष्करी हद्दीच्या भिंती सोबत करतात. याच रस्त्यावरच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या संचालकाला मे २०२३ मध्ये राज्याच्या एटीएसने अटक केली. आरोप असा, की पाकिस्तानी हेरांच्या जाळ्यात सापडून त्यांनी गोपनीय माहिती दिली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण तपासातून जे पुढे आलं त्यात ना घोडदौड होती ना गोळीबार. होता फोन, आणि त्यावर खोटं नाव घेऊन बोलणारी बाई.

हेराचा धंदा चालतो तो चेहरा लपवण्यावर. हेरपटाचा धंदा मात्र चेहरा दाखवण्यावर चालतो. जेम्स बाँडचा हिशेब तर नटागणिक मांडला जातो. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून शॉन कॉनरीने जम बसवला. १९६९ मध्ये जॉर्ज लॅझेनबी आला आणि एकाच चित्रपटात आटोपला. १९७१ साठी निर्मात्यांनी पुन्हा कॉनरीलाच गाठलं. रॉजर मूरने १९७३ ते १९८५ किल्ला लढवला. डॅनियल क्रेगच्या निवडीवर आधी नाकं मुरडली गेली, पण २०१२ मध्ये त्याच्याच ‘स्कायफॉल’ने जगभरात शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

आपल्याकडे या तोलाचा एकच हेर आहे, शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक. त्यांच्याबद्दल लिखित पुरावा थोडका आहे. सभासदाच्या बखरीत ते बहिर्जी जाधव म्हणून भेटतात. सुरतेची पाळत त्यांनी ठेवली आणि ते शहर मारलं तर अगणित द्रव्य हाती लागेल, ही खबरही त्यांचीच. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर मुघल फौजा वाटेत आडव्या आल्या, तेव्हा आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं तेही बहिर्जींनीच. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. त्यांचं विश्वसनीय चित्र मात्र एकही नाही. फकीर, वासुदेव, गोसावी ही त्यांची सोंगं लोककथांनी आणि कादंबऱ्यांनी रंगवली.

त्यामुळे पडद्यावर बहिर्जी उभा करणाऱ्याला कुणासारखं दिसायचं हे बंधन नाही. १९४३ मध्ये ‘बहिर्जी नाईक’ याच नावाचा बोलपट आला होता. नंतरच्या शिवपटांत मात्र बहिर्जी बहुधा खबर द्यायला येतात, मुजरा करतात आणि निघून जातात. तिकीट खपतं ते महाराजांच्या, तानाजीच्या, बाजीप्रभूंच्या नावावर.

दिग्पाल लांजेकर यांच्या शिवपटमालेत या भूमिकेला पुन्हा जागा मिळाली. जून २०१८ मध्ये ‘फर्जंद’ आला. साठ मावळे घेऊन कोंडाजी फर्जंदांनी १६७३ मध्ये पन्हाळा घेतला, त्याची ही गोष्ट. अशा मोहिमेत गडाच्या आतली खबर हेच मुख्य हत्यार. इथे बहिर्जी झाले प्रसाद ओक. प्रेक्षक त्यांना आधीपासून ओळखत होते, आणि अडचण तीच होती. कितीही दाढी चिकटवा, पागोटं बांधा, प्रेक्षक म्हणणारच, ‘हा तर ओक!’ नोव्हेंबर २०१९ च्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडे आले. विषय १६६३ चा लाल महालावरचा छापा, म्हणजे सगळी मदार पुन्हा आतल्या खबरीवर. दुधाडेंच्या चेहऱ्यावर तोवर एका भूमिकेचा शिक्का बसलेला नव्हता. म्हणून त्यांचं वेषांतर जास्त पटतं. पुढे तिसरा बहिर्जीही आला, तरी तिघांत माझं मत त्यांनाच.

फेब्रुवारी २०२२ च्या ‘पावनखिंड’मध्येही दुधाडेच होते. मालेतल्या पहिल्या पाच चित्रपटांत कमाईत हाच सर्वांत पुढे. पण ते यश बहिर्जींच्या खात्यावर कुणी मांडलं नाही. ते गेलं बाजीप्रभू झालेल्या अजय पूरकरांच्या आणि महाराज झालेल्या चिन्मय मांडलेकरांच्या नावावर. पुढे २०२३ च्या ‘सुभेदार’पर्यंत येता येता बहिर्जींच्या वेषात खुद्द लांजेकरच दिसू लागले. हे एका अर्थी चपखलच, कारण सेटवर सगळ्यांची सगळी खबर असलेला माणूस दिग्दर्शकच असतो.

म्हणजे सहा वर्षांत, पाच चित्रपटांत, तीन बहिर्जी. बाँडचा नट बदलला की जगभर वाद पेटतो. इथे कुणी हूं की चूं केलं नाही. उलट एप्रिल २०२४ मध्ये मुलाच्या नावावरून झालेल्या ट्रोलिंगला कंटाळून मांडलेकरांनी यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा त्याची बातमी झाली. महाराजांच्या चेहऱ्यात प्रेक्षकांची भक्ती गुंतलेली असते. बहिर्जींचा चेहरा कुणाच्या मनात पक्का बसलेलाच नाही.

प्रसाद ओक यांचाच पुढचा प्रवास पाहा. मे २०२२ मध्ये ‘धर्मवीर’मध्ये त्यांनी शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे साकारले आणि चित्रपट तुफान चालला. तिथे सगळं यश हुबेहूब दिसण्यात होतं. दाढी, नजर, सगळं ओळखीचं. नट तोच, पण ‘फर्जंद’मध्ये त्याने ओळख लपवायची होती आणि ‘धर्मवीर’मध्ये ती पटवून द्यायची होती. गल्ला दुसऱ्याच कामाला मिळाला.

याला मी बहिर्जींचं दुर्दैव म्हणणार नाही. निर्मात्यांनी मात्र यातून उलटाच धडा घेतला: हेर दुय्यम, म्हणून त्याला प्रसंगही दोन-चारच. वास्तविक ज्या पात्राला ठरलेला चेहरा नाही, त्याच्यावर दर चित्रपटात नवा नट घेता येतो, नवं सोंग रचता येतं, आणि तुलनेचं ओझं कुणाच्याच डोक्यावर येत नाही. बाँडच्या निर्मात्यांना दर नव्या नटापायी जो जुगार खेळावा लागतो, तो इथे खेळावाच लागणार नाही. सुरतेची पाळत हा एवढा एकच विषय घेतला तरी अख्खा चित्रपट उभा राहील. त्याच्या पोस्टरवर कोणाला छापायचं, एवढाच प्रश्न उरेल. आणि नट नवखा असला, तर तोही सुटलेलाच आहे.