व्यसन: रोग की खोड?

व्यसनापायी एखाद्यानं जमीन घालवली की गावच्या पारावर दोन मतं हमखास निघतात. एक म्हणतो, "त्याला काय कुणी बांधून पाजली? आपल्या हातानं केलं, आता भोगतोय." दुसरा म्हणतो, "अहो, ते आता त्याच्या हातात राहिलंय कुठं? रोगच आहे तो." हा वाद आजचा नाही. आपल्या देशात एकदा खुद्द सरकारनं तो ऐकायला घेतला, सातशेवर साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि निकालही दिला. तो निकाल कसा लागला, हे समजून घेण्यासारखं आहे.

गोष्ट अफूची. एकोणिसाव्या शतकात बिहारकडची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबईहून चीनला जात असे. मुंबईच्या कितीतरी पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या थोर दात्याच्या संपत्तीतही या अफूचा वाटा होता. सरकारी तिजोरीला तर तिचा भक्कम टेकू. १८३९ साली चीननं वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या आणि इंग्रजांनी युद्ध पुकारलं, हे शिक्षक मंडळी वर्गात सांगतातच.

पुढे इंग्लंडातल्याच धर्मशील मंडळींनी या धंद्याविरुद्ध आवाज उठवला. तेव्हा १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. ते हिंदुस्थानभर फिरलं. डॉक्टर आले, जमीनदार आले, सरकारी अंमलदार आले, पाद्री आले. १८९५ साली अहवाल निघाला. त्याचा मथितार्थ असा: इथला माणूस अफू बेतानं खातो, हिवतापावर, दुखण्यावर घरगुती औषध म्हणून घेतो, तिच्यामुळे शरीराची वा नीतीची मोठी हानी झालेली दिसत नाही. हेन्री विल्सन नावाच्या एकाच सभासदानं आपलं विरुद्ध मत नोंदवलं.

आता कमिशनचं म्हणणं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. हरभऱ्याएवढी गोळी वर्षानुवर्षं घेऊन शेत सांभाळणारी म्हातारी माणसं खरोखरच होती. पण खाणारा शहाणा आहे, तो आपलं आपण बघतो, असा हा निकाल ज्या राज्यात लागला, त्याच राज्याच्या तिजोरीत अफूचा पैसा पडत होता. सगळी जबाबदारी खाणाऱ्यावर टाकली की विकणाऱ्याचं नाव हिशेबातून आपोआप गळतं. गुत्तेवाल्यांचं म्हणणं आजही याहून वेगळं नसतं!

अहवालाला पंचवीस-सत्तावीस वर्षं झाली. आता मुंबईच्या गिरणगावात चला. १९२२ साली गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी प्रसिद्ध झाली. ती केली होती सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी. त्यांना आढळलं, की या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरात ९८ मुलांना अफू दिली जाते. बाळगोळी म्हणत तिला. आई सकाळी गिरणीत जायची ती संध्याकाळी परतायची. पोर खोलीत, नाहीतर शेजारच्या म्हातारीपाशी. भुकेनं रडायला लागलं की काय करायचं? गोळी चाटवली की ते निजायचं. निजलेलं पोर दूध मागत नाही, म्हणून ते वाळत जायचं. कधी मात्रा जास्त झाली तर उठायचंच नाही.

पारावरच्या पहिल्या गृहस्थांना इथं विचारावंसं वाटतं, ही खोड कुणाची? पोराला तर बोलताही येत नव्हतं. आईचं म्हणाल, तर घरी राहिली की मजुरी बुडायची. पुढे १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिकाळाच्या भत्त्याचा कायदा झाला. तो काही अफूविषयीचा नव्हता. तरी अफूचा इतिहास लिहिताना त्याचं नाव घ्यायला हवं, असं मला वाटतं. त्या गोळीमागे रिकामं घर आणि बुडणारी मजुरी होती.

मग दुसऱ्या गृहस्थांचं खरं मानायचं? शास्त्र बरंचसं त्यांच्या बाजूला आहे. अफूचा अंश जिथं जाऊन बसतो, त्या मेंदूतल्या जागा १९७३ साली सापडल्या. अफूसारखंच काम करणारी, वेदना शमवणारी द्रव्यं आपलं शरीर स्वतःच तयार करतं, हे १९७५ साली कळलं. बाहेरून रोज मात्रा येत राहिली की मेंदू तिला सरावतो. मग ती थांबली की नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, पोटात मुरडा येतो, झोप उडते. अशा माणसाला 'मनात आण, सोडशील' असं सांगणं म्हणजे ताप चढलेल्याला थरथरू नकोस म्हणण्यासारखं आहे.

पण गोष्ट इथंही संपत नाही. व्हिएतनामच्या युद्धात कितीतरी अमेरिकन शिपाई अफूपासूनच बनणाऱ्या हेरॉइनच्या आहारी गेले. १९७१ साली मायदेशी परतलेल्या शिपायांचा ली रॉबिन्स या विदुषींनी माग ठेवला. तिकडे पुरते अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते शंभरात सुमारे पाच! बहुतेकांनी फारसे उपचारही घेतले नव्हते. भीती, कंटाळा, स्वस्त माल, सगळं त्या देशात मागं राहिलं होतं. आपल्या गावच्या माणसाला असं परतायला दुसरा देश नसतो. त्याचा गुत्ता शेताच्या वाटेवरच असतो, आणि पाजणारे सोबतीही तिथंच.

आपला १९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदासुद्धा या कोड्यात अडकलेला आहे. सेवन हा त्यात गुन्हा आहे. आणि आपण होऊन उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देण्याची सोयही त्यातच मागाहून घातलेली आहे.

१९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांचा त्याला मोठा हातभार होता. अशा केंद्रात पहिले दिवस औषधाचे असतात. तेव्हा रोग्याला कुणी उपदेश करत नाही. शरीर शांत झालं की पहाटे उठणं, काम, चारचौघांत बोलणं, घरच्यांना बोलावणं, हे सगळं येतं. घरी परतलेला माणूस पुन्हा घसरला, तर त्याला पुन्हा दाखल करून घ्यावं लागतं. दम्याचा रोगी पुन्हा दवाखान्यात आला म्हणून आपण दार लावतो का? आणि निघण्याआधी त्याच्याशी एक साधी गोष्ट बोलावी लागते: पगाराच्या दिवशी घरी जाताना कुठल्या रस्त्यानं जाणार, आणि बरोबर कोण असणार. त्याच्या हातातून गेलेली निवड त्याला परत मिळायला लागते ती इथून, एकेका संध्याकाळीपुरती.