चॅनल ४१ आणि जास्तीचा कन्व्हर्टर

आजची गोष्ट टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची. मेक्सिकोत जन्मलेल्या राउल कोर्तेझ यांनी तिथे १९४६ मध्ये केसीओआर हे स्पॅनिश रेडिओ स्टेशन काढलं आणि १९५५ मध्ये केसीओआर-टीव्ही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं हे पहिलं स्पॅनिश टीव्ही स्टेशन!

पण गंमत बघा. त्यांना मिळाला चॅनल ४१, म्हणजे यूएचएफ. तेव्हाचे बहुतेक टीव्ही २ ते १३ एवढेच चॅनल पकडायचे. म्हणजे आपल्याच भाषेतला कार्यक्रम बघायचा तर वेगळा कन्व्हर्टर विकत घ्या! प्रेक्षक कमी, तर जाहिरातदार हात आखडता घेणारच. १९६१ मध्ये कोर्तेझ यांनी स्टेशन विकलं. त्याचं नाव झालं केडब्ल्यूईएक्स.

आणि १९६२ मध्ये कायदा झाला: नव्या टीव्हीत यूएचएफ हवंच. १९६४ पासून तो लागूही झाला. केडब्ल्यूईएक्सपासून सुरू झालेलं नेटवर्क म्हणजेच आजचं युनिव्हिजन.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे जास्त टोचतं. टीव्हीवर स्पॅनिशला बंदी कुणीच घातली नव्हती. ती फक्त डिफॉल्टमध्ये नव्हती. आणि तेवढंही पुरतं.

भेटू पुढच्या भागात!