गुंगेरियाचे तांबे आणि खोलीचा हिशेब

1870 साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचे एक टोक वर आलेले दिसले. तिथे उकरल्यावर तांब्याची 424 अवजारे आणि चांदीचे 102 पातळ पत्रे निघाले. नुसत्या तांब्याचे वजन 829 पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास भरले. आजच्या गोंदिया जिल्ह्याला उत्तरेकडून खेटून असलेल्या मुलखातला हा साठा देशातल्या सर्वांत मोठ्या ताम्रनिधींत गणला जातो आणि त्यातल्या काही वस्तू थेट ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेल्या. तरीही हे तांबे नेमके कोणत्या शतकातले आणि कोणत्या लोकांचे, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. वस्तू हाती आल्या, पण त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या आणि त्या थरात आणखी काय होते, याची नोंद झाली नाही. आज धातुशोधक यंत्र विकत घेणारा हौशी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘हे किती खोल जाते?’ असा. गुंगेरियाचा धडा सांगतो की खोलीला महत्त्व आहेच, मात्र ते यंत्राच्या ताकदीपेक्षा नोंदवहीत जास्त आहे.

यंत्राच्या ताकदीचा हिशेब तसा सरळ आहे. यंत्राच्या वेटोळ्यातून निघालेले चुंबकीय क्षेत्र खाली जाताना क्षीण होते आणि धातूकडून परतताना पुन्हा तसेच क्षीण होते. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की लहान वस्तूचा प्रतिसाद साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. एखादे नाणे वीस-तीस सेंटिमीटरवर सापडते, त्याखाली सहसा नाही. मोठा साठा बराच खोलवरूनही कळतो. माती लोहयुक्त असेल तर तीच यंत्राला गोंधळात टाकते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसाट्स्की याने सुरुंग हुडकण्यासाठी हातात धरायचे यंत्र बनवले आणि 1942 मध्ये अल अलामेनच्या लढाईत ते वापरले गेले. सुरुंग वरच्या थरात पुरलेला असतो. हौशी यंत्राने त्याच उथळ खोलीचा वारसा घेतला आहे.

आता वैनगंगा खोऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या उत्खननांकडे पाहा. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी 1970 च्या दशकात माहुरझरीची शिळावर्तुळे आणि पुढे सहकाऱ्यांसोबत नायकुंडची वस्ती खणली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तिच्याभोवतीची लोहमळी, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि खापरे ज्या थरात होती त्याच थरात नोंदली गेली, म्हणून ती भट्टी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची, असे सांगता आले. यंत्राच्या आवाजावर खड्डा घेणाऱ्याने तिथून लोखंडाचा तुकडा काढला असता, तर हाती फक्त गंजलेले लोखंड आले असते. अक्षरे कोरलेल्या धातूची गोष्ट निराळी. दुर्ग जिल्ह्यात मिळालेला वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून काढलेला आहे, हे तो स्वतःच सांगतो. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी हे पद्मपूर, म्हणजेच संस्कृत नाटककार भवभूतीचे गाव, आमगावजवळचे पद्मपूर असल्याचे मांडले, तेव्हा या ताम्रपटाचा आधार घेता आला. गुंगेरियाच्या कुऱ्हाडीवर अक्षर नाही. तिची साक्ष काढायला थरच लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की गोंदियाची जमीन धानाची आहे. बांध्यांत दरवर्षी चिखलणी होते, रोवणी होते, वरची वीतभर माती शतकानुशतके घुसळली गेली आहे, मग तिथे थर कुठले? आक्षेप बराचसा खरा आहे. तलावांच्या या जिल्ह्यात तर खोली फसवतेही. नवेगावबांधसारखा मोठा तलाव असो की गावाची बोडी (लहान तळे), पाळ घालायला माती आतूनच खणून काढलेली असते. म्हणजे खालचे जुने वर आले आणि वरचे नवे त्याखाली गेले. उलट तलावाच्या पोटात पावसाळ्यागणिक गाळ साचतो आणि कालपरवाची वस्तूही हातभर खोल जाते. म्हणून ‘इतके फूट म्हणजे इतकी शतके’ असे कोष्टक कोणी सांगितले तर मानू नये. खोलीला अर्थ येतो तो शेजारच्या मातीशी ताडून पाहिल्यावर, आणि ही ताडणी खड्डा घेण्याआधीच करावी लागते. नांगरटीखालची अखंड माती एकदा फुटली की ती संधी संपते.

दुसरा आक्षेप इंग्लंडचे उदाहरण देतो. 2009 साली स्टॅफर्डशरचा प्रसिद्ध सुवर्णसाठा एका हौशी शोधकालाच मिळाला आणि अशा शोधांची नोंद तिथे 1997 पासून पद्धतशीर होते. मग आपल्याकडे आडकाठी का? पण तिथल्या आचारसंहितेत खोलीचीच अट आहे: शक्यतो नांगरलेल्या जमिनीत, नांगर पोहोचतो तेवढ्याच खोलीत काम करावे आणि त्याखाली काही लागले तर थांबून जाणकारांना बोलवावे. ज्या उदाहरणाने खोल खणण्याची मुभा मागितली जाते, ते उदाहरणच खोल जाऊ नका म्हणते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जेसीबी, रस्ते आणि तलावांतला गाळउपसा यांत रोज कितीतरी नष्ट होते, त्यापेक्षा हौशी माणसाने उचललेले काय वाईट? उचललेली वस्तू नोंदीसह पोहोचली तर हे म्हणणे मान्य करता येईल. आपला कायदा मात्र तेवढेही मागत नाही. 1878 चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या धनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला लावतो. तिच्यात धनाचे स्वरूप, जागा आणि तारीख लिहायची असते. खोली लिहायची नसते. तो कायदा गुप्तधनाच्या वाटणीसाठी झाला आणि आपली नजरही अजून गुप्तधनाचीच आहे. संरक्षित स्थळी विनापरवाना खणणे गुन्हा आहे, हे सांगून भागणार नाही, कारण गुंगेरिया संरक्षित स्थळ नव्हते. ते गुरे चारायचे रान होते. म्हणून नांगरताना, बोडी खोल करताना किंवा पाया खणताना धातू लागला, तर आधी हात थांबवा. वरून किती खाली लागले ते दोरीने मोजा, आजूबाजूच्या मातीचा रंग आणि खापरे यांसह फोटो घ्या, वस्तू जागेवरच राहू द्या आणि तलाठ्याला व पुरातत्त्व विभागाला कळवा.